दोन गेटांच्या आतली अन्नपूर्णा

रायपूरला बंदर आहे असं मी सांगते तेव्हा पुण्याचे नातेवाईक आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. "अगं, समुद्र कुठंय तुमच्याकडे?" समुद्र नाहीच. पण समुद्रावर जी कटकट करावी लागते ती सगळी आम्ही इथेच, भनपुरीच्या पुढे, उरकून टाकतो. माल इथे तपासायचा, इथेच कंटेनरमध्ये भरायचा, कस्टमच्या साहेबासमोर दाराला सील ठोकायचं आणि रेल्वेने विशाखापट्टणमला पाठवून द्यायचा. तिथे तो नुसता उचलून जहाजावर चढवतात. अशा जागेला ड्राय पोर्ट म्हणतात. आम्ही नुसतं 'डेपो' म्हणायचो. शहर राजधानी झालं त्यानंतरची काही वर्षं मी तिथे एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात नोकरी केली. नोकरी सोडूनही आता बराच काळ झाला, पण त्या जागेचे उपकार मनातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले.

शहराच्या अंगात तेव्हा राजधानी नुकती नुकती शिरत होती. बुढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीतून लाल दिव्याची गाडी अडखळत गेली की शेजारपाजारचे लोक ओट्यावर येऊन उभे राहायचे, जणू वरात चालली आहे. सदर बाजारात स्कूटर लावायला जागा मिळेनाशी झाली होती. ज्याला त्याला काहीतरी मोठं करायचं होतं, आणि माझ्या दादाला तर फारच मोठं करायचं होतं. त्याची गोष्ट येईलच.

आधी डेपो नीट सांगते, कारण तो कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. बाहेरच्या माणसाला तो चक्रव्यूह वाटायचा, पण रचना अगदी साधी होती. रस्त्याला लागून पहिलं गेट. आत शिरलं की ट्रक तोलायचा धरमकाटा, ट्रकांचा तळ, कँटीन आणि आम्हा एजंट लोकांच्या खोल्यांची पत्र्याची रांग. इथवर कामाचा कोणीही माणूस येऊ शकायचा. मग दुसरं गेट. त्याच्या आत कस्टमचा इलाखा. तिथे निराळा पास लागायचा. डाव्या हाताला निर्यातीच्या मालाचं लांबलचक गोदाम, उजवीकडे रिकामे कंटेनर एकावर एक रचलेले, आणि अगदी टोकाला रेल्वेची लाइन, जिथे भरलेले, सील झालेले कंटेनर गाडीची वाट बघत उभे असायचे. सगळ्याभोवती उंच भिंत, भिंतीवर काटेरी तार, कोपऱ्यांवर मचाण आणि मचाणावर पहारेकरी. या सगळ्या बंदोबस्ताच्या मुळाशी एकच गोष्ट होती. कंटेनरला सील लागलं की ते दार कोणाच्या बापाचं नाही. ज्याचा माल आहे त्याचंसुद्धा नाही.

आणि पहिल्या गेटावर सुभेदार.

ते सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन इथे पहाऱ्याचे मुख्य झाले होते. धमतरीकडच्या एका खेड्यातले. ड्यूटीवर हिंदी बोलायचे, ड्यूटी संपली की छत्तीसगढी. त्यांचा नियम असा की जी वस्तू आत गेली ती बाहेर आलीच पाहिजे, नाहीतर ती कुठे गेली हे सांगता आलं पाहिजे. हा नियम ते ट्रकांना लावायचे तसाच माझ्या डब्यालाही लावायचे. रोज सकाळी डबा उघडायचा, एकेका पुडाचं झाकण काढायचं. पातोडीची भाजी बघून रोज विचारायचे, "ये क्या है?" रोज! एकदा मी चमचा ऑफिसात विसरले तर मला परत पाठवलं. मी चांगलीच तणतणले. "सुभेदार साहब, मेरा चमचा है, मैं विसर गई, आपका क्या गया?" रागात हिंदीत मराठी मिसळायची माझी जुनी खोड. ते शांतपणे म्हणाले, "हव," म्हणजे हो, "जाओ, ले आओ." गेले. आणला. आल्यावर त्यांनी चमचा बघितला, मान हलवली आणि मला जाऊ दिलं. त्या दिवशी घरी येऊन मी आईला म्हटलं होतं की या माणसाला घरात घेताना त्याच्या बायकोनंही असंच तपासावं.

आता दादा. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. नोकरी, वकिली, मास्तरकी असलं सगळं झालेलं, पण धंद्याच्या वाटेला कोणी गेलं नव्हतं. दादा गेला. दोन-तीन राइस मिलवाल्यांकडून तांदूळ घ्यायचा आणि परदेशी पाठवायचा, असं त्यानं ठरवलं. पहिली ऑर्डर मिळाली ती आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदराची. एकच कंटेनर. पण दादा असा चालायला लागला की अख्खं जहाजच त्याचं आहे. आम्ही भावंडं घरात अर्धी हिंदी बोलायचो, आणि दादा तर पूर्णच. आई मराठीत विचारायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा. दोघांना त्यात काहीच वावगं वाटायचं नाही.

आईला मात्र एका गोष्टीत वावगं वाटलं. पहिला माल घराबाहेर जातो आणि त्याला देवाचा हात नाही?

"तांदूळ हाये नं?" ती म्हणाली. "मंग अन्नपूर्णा नेली पाहिजे. पहिल्या पोत्यावर बसवीन, हळदीकुंकू वाहीन, नारळ फोडीन आन् घेऊन येईन. तुमच्या साहेबाले काय त्रास हाये त्याच्यात?"

आईची अन्नपूर्णा म्हणजे पितळेची, बोटभर उंचीची, हातात पळी घेतलेली. लग्नात गौरीहर पुजताना आजीनं तिच्या हातात दिली आणि ती वर्ध्याहून रायपूरला घेऊन आली. आमच्या देवघरात ती वाटीभर तांदळात बसलेली असायची. आजी गेली, मग मामा गेला, मामी मुलांकडे परदेशी राहायला गेली आणि वर्ध्याचं घर विकलं गेलं. दिवाळीनंतर आई माहेरी जायची ते बंद झालं.  तेव्हापासून अन्नपूर्णेला आंघोळ घालायला तिला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला.

पहिल्या कंटेनरची पूजा ही डेपोत नवी गोष्ट नव्हती. मारवाडी व्यापारी दाराला झेंडूची माळ बांधायचे, कोणी नारळ फोडायचं. मी आईचा पास काढला. दिवस तिनंच निवडला, अक्षय्य तृतीयेचा. छत्तीसगढी लोक त्या दिवसाला अक्ती म्हणतात. त्या दिवशी गावोगाव शेतकरी पळसाच्या द्रोणात धान घेऊन ठाकुरदेवाला वाहतात आणि मग पेरणीच्या कामाचा विचार सुरू होतो. दिवस शुभ होता यात शंका नाही, पण वैशाखाचं ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं.

पहिल्या गेटावर सुभेदारांनी आईची पिशवी उघडायला लावली. मी मनात म्हटलं, आता होणार. आईनं एकेक वस्तू काढून दाखवली. तबक, हळदीकुंकवाची डबी, नारळ, रेशमी रुमालात गुंडाळलेली अन्नपूर्णा. सुभेदारांनी हात पुढे केला तशी आई म्हणाली, "भैया, हाथ मत लगाना. सोवळ्यात है." सोवळं त्यांना काय कळलं कोण जाणे, पण हात मागे गेला. रुमाल तिनंच उलगडला, त्यांनी वाकून बघितलं आणि मान हलवली. मग मात्र आगपेटी आणि कापराची डबी उचलून त्यांनी खिडकीत ठेवली.

"अंदर आग नहीं जाएगी, माताजी."

"पर आरती?"

"बिना आग की कर लीजिए. माता समझ लेंगी."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "हा मानूस तू सांगतली तसाच हाये." पण तिच्या आवाजात राग नव्हता.

गोदामात कंटेनर दार उघडून लावलेला होता. रेजांनी, म्हणजे मजूर बायकांनी, आत झाडून तळाला कागद अंथरला होता. हमालांनी पहिली पोती अगदी आतल्या टोकाला टाकली. आई कंटेनरमध्ये चढली, पोत्यावर रुमाल पसरला, त्यावर मूठभर तांदूळ आणि तांदळात अन्नपूर्णा. हळदकुंकू वाहिलं. नारळ दादानं बाहेर फोडला. रेजा डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, हमालांनी हात जोडले. विस्तवाविना आरती झाली. सगळं छान झालं आणि बाहेर पाऊल टाकता टाकता आईला भोवळ आली.

त्या लोखंडी पेटीत उन्हाची भट्टी झालेली होती आणि आई सकाळपासून उपाशी. मी तिला धरून दुसऱ्या गेटाबाहेर आमच्या ऑफिसात आणलं, कूलरसमोर बसवलं, मीठसाखरेचं पाणी दिलं. मागून दादा पिशवी घेऊन आला, ती टेबलाखाली ठेवली आणि त्याला कस्टमच्या साहेबांनी बोलावलं म्हणून पळाला. आईला बरं वाटलं तसं तिनं जाहीर केलं की कंटेनर सील होऊन लाइनीवर गेल्याशिवाय ती घरी येणार नाही. मग आम्ही दोघींनी डबा खाल्ला. ती माझ्या खुर्चीत बसून जरा पेंगली. दुपार कलली तेव्हा दादा हसत आला. सील लागलं, कंटेनर लाइनीवर गेला, गाडी लागते आहे. आईनं तिथूनच हात जोडले आणि आम्ही निघालो.

पहिल्या गेटावर सुटी झालेल्या हमालांची आणि रेजांची रांग होती. सुभेदारांनी आम्हाला पुढे घेतलं. खिडकीतून आगपेटी आणि कापूर काढून आईच्या हातावर ठेवला. "लीजिए माताजी, आपकी अमानत." मग म्हणाले, "थैला दिखाइए."

माझं डोकंच फिरलं. "सुबह देखा ना, साहब!"

"सुबह अंदर जाते देखा था. अब बाहर जाते देखूंगा."

तबक निघालं. डबी निघाली. नारळाचं अर्धं भकल निघालं. सुभेदारांनी पिशवीत डोकावून बघितलं, मग आईकडे.

"और माता कहां हैं?"

आई दादाकडे वळली. "तू ठेवली नं रे पिशवीत?"

"मैंने? मुझे लगा आपने उठा ली," दादा म्हणाला. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी आईला धरून बाहेर आणलं होतं, मी काय बघणार? आईनं पिशवी उलटी केली. हळदीची पूड खाली सांडली, बाकी काही नाही. तिचा चेहरा मी भोवळ आली तेव्हाही इतका पांढरा बघितला नव्हता.

तेवढ्यात रांगेतली एक वयस्कर रेजा आईला अगदी सहज म्हणाली, "दाई, माता त कंटेनर भितरी बइठे हे."

म्हणजे देवी कंटेनरच्या आतच राहिली होती.

"तुम लोगों ने निकाली नहीं?" दादा ओरडलाच.

तिला प्रश्नच कळला नाही असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. "हमन कइसे निकालबो? जेन बइठारिस, उही उठाही." जिनं बसवली तीच उचलणार. अक्तीच्या दिवशी, धानावर, हळदकुंकू वाहून बसवलेली देवी हमालानं कशी उचलायची? शिवाय आई काही न बोलता निघून गेली, म्हणजे देवी मालासोबत जाणार असंच त्यांना वाटलं. त्यांनी तिच्या भोवती जागा सोडून पोती लावली होती. वर आडवी पोती टाकून तिला छप्परही केलं होतं, म्हणजे गाडीच्या हिसक्यानं तिच्यावर काही पडू नये. इतकी काळजी आमच्यापैकी कोणी घेतली नव्हती. आईला वाटलं दादा घेईल, दादाला वाटलं सोवळ्यातली वस्तू आईच घेईल, आणि हमालांना वाटलं हात लावणं पाप. ज्यानं त्यानं देवीचा मान राखला आणि देवी निघाली आफ्रिकेला.

सुभेदारांनी शिटी वाजवली. एका पहारेकऱ्याला त्यांनी लाइनीवर पळवून कंटेनर थांबवायला सांगितलं आणि आम्हा सगळ्यांना घेऊन दुसऱ्या गेटाकडे चालू लागले.  मी कस्टम खात्याच्या कामात रोज वावरायचे. निर्यातीच्या सीलबंद कंटेनरमध्ये न सांगितलेली एक जुनी पितळी मूर्ती, याला त्या खात्यात तस्करी म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि मूर्ती शंभर वर्षांहून जुनी निघाली तर विचारूच नका.

कस्टमचे साहेब दक्षिणेकडचे होते, कमी बोलणारे. सुभेदारांनी सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो नेमका तोच. "मूर्ति कितनी पुरानी है?"

मी आईला डोळ्यांनी खुणावत होते. आई कसली बघते! माहेरच्या वस्तूची चौकशी झाली की तिची मान ताठ व्हायचीच. "बहुत पुरानी साहब! मेरी नानी की नानी के टाइम की!"

दादानं डोळे मिटून घेतले.

तेव्हा सुभेदार बोलले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "साहब, जिसको छुपा के भेजना होता है वो गेट पर खोल के नहीं दिखाता. माताजी ने खोल के दिखाया. और जाते टाइम ये खुद नहीं जानती थीं कि थैला खाली है. मैं इनका मुंह देख रहा था." एवढंच बोलले आणि पुन्हा ताठ उभे राहिले. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आईकडे. सांडलेली हळद तिच्या हाताला, साडीला, सगळीकडे लागली होती. साहेब जरासे हसले असावेत असं मला वाटलं. पण पुढे त्यांनी जे सांगितलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

कंटेनर गाडीवर चढायच्या रांगेत होता. त्याच्या डोक्यावर दुसरे कंटेनर होते. आत्ता उतरवून, सील तोडून, पोती काढून, परत भरून नवं सील लावायचं तर ही गाडी दादाला सोडावी लागणार होती. पुढची गाडी जहाजाच्या आधी पोचेल की नाही याची हमी कोणीच देणार नव्हतं. दुसरा रस्ता म्हणजे कंटेनर जाऊ द्यायचा आणि साहेबांनी विशाखापट्टणमला कळवायचं. तिथे उघडतील, मूर्ती काढतील, मग चौकशी, पत्रं आणि जेव्हा मिळेल तेव्हा मिळेल. मी मनात म्हटलं, मिळेल तर मिळेल. "आप बताइए," साहेब दादाला म्हणाले. "माल आपका है."

दादा काही बोलायच्या आत आईच बोलली. "जाऊ दे रे, बाप्पा. तुही गाडी चुकन. अन्नपूर्णाच हाये ते. जिथं जाईन तिथं लोकायले जेवूच घालन." आणि हसली. ते हसणं बघवत नव्हतं. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट असं जुळलेलं होतं, जसं ती रोज सकाळी आंघोळीच्या वेळी मूर्ती धरायची तसं. तिला ते कळतही नव्हतं.

ज्या ऑर्डरसाठी दादानं वर्षभर उंबरे झिजवले होते, जिच्या नावानं तो मित्रांना आधीच मिठाई खिलवून बसला होता, ती त्या क्षणी समोर होती. माझा भाऊ उतावळा आहे, बढाईखोर आहे, त्याच्याशी मी आयुष्यभर भांडत आले आहे. पण त्या दिवशी त्यानं एक श्वाससुद्धा विचार केला नाही.

"खोलिए, सर," तो म्हणाला. मग आईकडे वळला आणि मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती अशी मराठी त्याच्या तोंडून निघाली. "तू बस न वं आई इथं. तिले आणल्याशिवाय जात नाही आपण."

त्यानंतर जे झालं त्यासाठी मी त्या जागेची आजन्म ऋणी आहे. ज्या डेपोत एक कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला अख्खा दिवस खायचा, तिथे सगळे एकदम हलले. ते अजस्र यंत्र, ज्याला आम्ही स्टॅकर म्हणायचो, त्याचा ड्रायव्हर चहा अर्धा टाकून आला. वरचे कंटेनर उचलले गेले, दादाचा मोकळा झाला. सुटी झालेले हमाल घरी निघाले होते, ते कोणी न बोलावता परत फिरले. त्या वयस्कर रेजेनं गेटाबाहेर गेलेल्यांनाही हाका मारून आणलं. मुकादम म्हणाला की जादा कामाच्या पैशांचं नंतर बघू, आधी माता काढू. साहेबांनी सील तपासलं, पहारेकऱ्यानं मोठ्या कटरनं ते तोडलं आणि दार उघडलं.

समोर तळापासून छतापर्यंत पोत्यांची भिंत. आई माझा हात घट्ट धरून उभी होती. पोती एकेक करून बाहेर येत होती, घामानं हमालांचे सदरे अंगाला चिकटले होते, आणि आई प्रत्येक पोत्यामागे पुटपुटत होती, "सावकाश रे बाबू, सावकाश." उन्हं भिंतीवरून उतरली तेव्हा आतून कोणीतरी ओरडलं, "दिखगे!" दिसली.

आणि सगळे थांबले. आतले हमाल बाजूला झाले. कोणी हात पुढे केला नाही. दादा चढायला निघाला तर ती रेजा त्याला म्हणाली, "तँ नइ बाबू, दाई ल चढ़न दे." तू नको, आईलाच चढू दे. मुकादमानं पोत्यांच्या पायऱ्या लावून दिल्या. माझी आई, जिचे गुडघे जिना चढताना कुरकुरायचे, एका हातानं सुभेदारांच्या खांद्याचा आधार घेऊन त्या पायऱ्या चढली. तिला सोवळ्याची आठवण राहिली नाही, त्यांनाही नाही. आत टोकाला पोत्यांच्या कोनाड्यात अन्नपूर्णा जशी बसवली होती तशीच बसलेली. कुंकवाचं बोटही पुसलं नव्हतं. आईनं तिला उचलून आधी छातीशी धरलं, मग रुमालात घेतलं.

रुमालातले तांदूळ तिनं सगळ्यांच्या हातांवर थोडे थोडे ठेवले. हमाल, रेजा, स्टॅकरचा ड्रायव्हर, सगळ्यांनी ओंजळ केली. साहेबांनी घेऊन ते खिशात टाकले. त्या वेळी मला वाटलं, इतक्या काटेरी तारांच्या आणि शिट्यांच्या आत इतकी चांगली माणसं कोंडलेली आहेत आणि मी रोज नुसती डबा तपासतात म्हणून चिडत होते. दादाचा कंटेनर त्या गाडीनं गेला नाही. पुढच्या गाडीनं गेला आणि जहाज मिळालं, कसंबसं. नंतर त्याचा धंदा कधी चालला, कधी बसला, पण त्या दिवसाबद्दल त्यानं आईला कधी ऐकवलं नाही. त्याचे हे उपकारही मी मानते, जरी तोंडावर सांगणार नाही.

गेटावर सुभेदारांनी पुन्हा पिशवी उघडायला लावली. या वेळी मीच ती उघडून धरली. त्यांनी वाकून बघितलं, "हव, ठीक है," म्हणाले आणि दांडा वर केला.

दादाच्या जुन्या मारुतीत आई मागे बसली होती, पिशवी मांडीवर. भनपुरीच्या ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली. हॉर्न वाजत होते, धूळ आत येत होती.  मला वाटलं आई थकून झोपली. मी वळून बघितलं तर ती खिडकीबाहेर बघत रडत होती, पदरानं पुसत होती आणि पुन्हा रडत होती.

"आता काहून रडतेस आई?" मी म्हटलं. "मिळाली नं?"

"मिळाली, हो," ती म्हणाली. "तिच्यासाठी नाही रडून राहिली." पिशवीवर हात ठेवून सांगू लागली. "माहेरून निघाली का माही आई दारात उभी राहायची. दरवेळी विचारायची, आणलं होतं ते सगळं घेतलं का वं, काही राहिलं तर नाही? मी चिडायची तिच्यावर. ते गेल्यापासून मले कोणी विचारलंच नव्हतं. आज त्या मानसानं विचारलं."